ट्रेलर ओढायला जुना पिकअप घेताय? आधी ड्रायव्हरचं दार उघडा

इथं अमेरिकेत मी पहिला पिकअप ट्रक घ्यायला गेलो तेव्हा सेल्समननं बॉनेटवर थाप मारून सांगितलं, सर हा अकरा हजार पाउंड ओढतो, तुमचा ट्रेलर म्हणजे याच्यासाठी काहीच नाही. मी खूष. ट्रक घेतला, ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर घेतलं, बायकापोरं सामानसुमान भरलं आणि पहिल्याच ट्रिपला हायवेवर मागून ट्रक गेला की स्टिअरिंग असं हलकं व्हायचं की पुढची चाकं रस्त्यावर आहेत का नाही अशी शंका यावी. शेवटी एका ट्रक स्टॉपला कॅट स्केलवर, म्हणजे तिथल्या वजनकाट्यावर गाडी चढवली आणि चिठ्ठी हातात आली. पुढचा ॲक्सल २,९८०, मागचा ४,१२०, ट्रेलरचे ॲक्सल ५,५४०. ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे सगळं धरून त्याचं जास्तीत जास्त वजन ६,९००, आणि माझा ट्रक एकटाच ७,१०० भरला होता. मागच्या ॲक्सलची मर्यादा ४,०५०, तीही ओलांडलेली. आणि गंमत बघा, ओढायच्या हिशोबात अजून चार हजार पाउंड शिल्लक होते!

ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं, एवढंच त्या चिठ्ठीनं शिकवलं. नवीन माणूस फसतो तो इथंच, कारण जाहिरातीत, डीलरकडे, मित्रमंडळीत सगळे बोलतात ते टो रेटिंगबद्दल, म्हणजे ट्रक किती ओढतो त्याबद्दल, आणि अमेरिकेत हाफ टन म्हणजे एफ-१५० सारखा नेहमीच्या आकाराचा पिकअप घेऊन ट्रॅव्हल ट्रेलर लावणाऱ्या बहुतेकांचा खेळ संपतो तो पेलोडवर, म्हणजे ट्रक स्वतःच्या अंगावर किती वजन पेलतो त्यावर. म्हणून हा लेख त्याच क्रमानं लिहितोय. रंग, लेदर सीट, टचस्क्रीन सगळं शेवटी.

पहिली पायरी : ट्रक नंतर, ट्रेलर आधी

निदान ट्रेलरचा साइज तरी आधी ठरवा. ट्रक आधी घेतला की मग त्याला झेपेल असा ट्रेलर शोधत बसावं लागतं, आणि घरच्यांना आवडलेला ट्रेलर नेमका झेपणाऱ्याच्या दीड हजार पाउंड वर असतो.

ट्रेलरच्या जाहिरातीत एक ड्राय वेट दिलेलं असतं. ते खोटं नसतं पण तुमच्या कामाचंही नसतं. ते कंपनीतून बाहेर पडतानाचं रिकामं वजन, त्यात पाणी नाही, बऱ्याचदा बॅटरी पण नाही, तुमची भांडी, गाद्या, खुर्च्या, होज, चाकाखाली घालायच्या फळ्या तर नाहीतच. पाण्याचं एका गॅलनला ८.३४ पाउंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरून निघालात तर ३३० पाउंड तिथंच गेले. प्रोपेनचं नेहमीचं २० पाउंडी सिलिंडर भरलेलं असताना ३७ च्या आसपास भरतं, आणि मोठ्या ट्रेलरवर ती दोन असतात, ती पण नेमकी पुढच्या दांड्यावर. त्यामुळे हिशोब करताना ट्रेलरच्या बाजूला चिकटवलेल्या स्टिकरवरचा जीव्हीडब्ल्यूआर धरा, म्हणजे तो ट्रेलर भरून जास्तीत जास्त किती होऊ शकतो तो आकडा. तुम्ही म्हणाल आम्ही एवढं भरणार नाही. पहिल्या वर्षी नाही भरणार. तिसऱ्या वर्षी भराल, लिहून ठेवा.

दुसरी पायरी : दांड्यावरचं वजन

ट्रेलरच्या एकूण वजनापैकी काही भाग पुढच्या दांड्यातून थेट ट्रकच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडावर बसतो, त्याला टंग वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरला ते एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के लागतं. ज्यांनी बैलगाडी बघितलीय त्यांना हे समजवायची गरज नाही, भार मागे गेला की गाडी उलार होते आणि बैलाच्या मानेवरचं जू वर उचललं जातं, आणि फार पुढे आला की गाडी धुरजड होऊन बैलाची मान वाकते. ट्रेलरचंही तेच आहे, फरक एवढाच की इथं उलार गाडी साठ मैलांच्या स्पीडला शेपूट हलवायला लागते आणि ते हेलकावे एकदा वाढत गेले की सावरणं कठीण. त्यामुळे ट्रकवर भार कमी यावा म्हणून सगळं सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूला टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

आता एक हिशोब करू. समजा ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर ६,५००. मी १३ टक्के धरतो, म्हणजे ८४५ पाउंड टंग वेट. वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे तो स्प्रिंगबारवाला जो मागे बसलेला भार थोडा पुढच्या चाकांवर ढकलतो, तो स्वतःच ८० च्या आसपास. नवराबायको ३२०, दोन पोरं १५०. ट्रकच्या मागच्या बेडमध्ये कूलर, टूलबॉक्स, लाकडं, सायकली, काहीही म्हटलं तरी २००. बेरीज करा, १,५९५. आणि अजून कुत्रा गाडीत बसलेला नाही.

हा जो १,५९५ आकडा आहे ना, तो एका कागदावर लिहून खिशात ठेवा. ट्रक बघायला जाल तिथं तोच विचारायचाय.

तिसरी पायरी : दार उघडा

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर किंवा दाराच्या कडेवर एक पांढरं-पिवळं टायरचं स्टिकर असतं. त्यावर एक वाक्य असतं की माणसं आणि सामान मिळून वजन इतके किलो किंवा इतके पाउंड यापेक्षा जास्त होता कामा नये. तो त्या एका ट्रकचा पेलोड. त्या मॉडेलचा नाही, त्या वर्षाचा नाही, तुमच्या समोर उभ्या असलेल्या त्याच ट्रकचा. पेट्रोलची पूर्ण टाकी त्यात आधीच धरलेली असते, ड्रायव्हर मात्र नाही. हे लक्षात ठेवा, खूप जण स्वतःला मोजायचं विसरतात.

आता यात एक उलटा प्रकार आहे. जेवढा ट्रक भारी, तेवढा पेलोड कमी. पॅनोरमिक सनरूफ, गार-गरम होणाऱ्या सीट्स, आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या, वीस-बावीस इंची रिम्स, फोर व्हील ड्राइव्ह, हे सगळं वजन पेलोडमधूनच वजा होतं. त्यामुळे एकाच वर्षाचा एकाच कंपनीचा क्रू कॅब म्हणजे चार दारांचा हाफ टन घ्या, साध्या कापडी सीटवाल्यावर १,८००-१,९०० लिहिलेलं असेल आणि टॉप मॉडेलवर १,३००. दिसायला दोन्ही सारखेच. एफ-१५० मध्ये तर हेवी ड्यूटी पेलोड पॅकेज घेतलेले ट्रक २,००० च्या बरेच वर जातात पण ते शोधायला लागतात, लॉटवर सहज उभे नसतात.

म्हणून माझा नियम असा की जाहिरात आवडली की विकणाऱ्याला मेसेज टाकायचा, दाराच्या स्टिकरचा फोटो पाठवता का. फोटो येईपर्यंत गाडी काढायची नाही. यानं माझे निदान पाच-सहा शनिवार वाचले. काही डीलर फोटोऐवजी ब्रोशरची लिंक पाठवतात, ती उघडूच नका, ब्रोशरमध्ये "पर्यंत" हा शब्द असतो आणि तो पर्यंतवाला ट्रक म्हणजे दोन दारांचा, टू व्हील ड्राइव्ह, कोणी विकत न घेतलेला.

आणि स्टिकर लागल्यानंतर पहिल्या मालकानं जे जे बसवलं, म्हणजे बेड कव्हर, स्टीलचा बंपर, विंच, साइड स्टेप, ते पण तुमच्या खात्यातून वजा. मागच्या स्प्रिंगला आधार द्यायच्या हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग बसवल्या आहेत म्हणून पेलोड वाढला असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. एअरबॅगनं मागचा भाग खाली बसत नाही एवढंच, ॲक्सल, चाकं, ब्रेक तेच राहतात.

चौथी पायरी : हाफ टन का त्याच्या वरचा

टाकोमा, कोलोरॅडो, रेंजर, फ्रंटिअर ही मध्यम आकाराची मंडळी छोट्या ट्रेलरला ठीक, भरून साडेतीन-चार हजार पाउंडपर्यंत मी म्हणेन. कागदावर जास्त लिहिलेलं असतं, पण ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे आठ फूट रुंद भिंत, तिला वजनाइतकाच वारा लागतो, आणि व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर छोटं असलं की मागची भिंत पुढच्याला हलवते.

भरून पाच ते साडेसहा हजारवाल्या ट्रेलरला नीट निवडलेला हाफ टन, म्हणजे एफ-१५०, सिल्व्हराडो किंवा रॅम १५००, टुंड्रा वगैरे. मी "नीट निवडलेला" म्हटलंय. साडेसात हजारच्या पुढे गेलात की उगाच ओढाताण न करता सरळ थ्री क्वार्टर टन, म्हणजे त्याच्या वरचा जास्त भार पेलणारा वर्ग बघा, फोर्डचा एफ-२५० किंवा सिल्व्हराडो-रॅमचा २५००. रोज ऑफिसला न्यायला तो धोंडा वाटेल, खड्ड्यात दणके बसतील, पार्किंगला त्रास होईल, सगळं खरं. पण डोंगर उतरताना जी शांतता मिळते ती हाफ टनात नाही.

इथं पण एक फसगत आहे. लोक म्हणतात डिझेल घेतलं की प्रश्न मिटला. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कितीतरी जड, आणि थ्री क्वार्टर टन ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर बऱ्याचदा १०,००० लाच थांबवलेला असतो, त्यामुळे क्रू कॅब, फोर बाय फोर, डिझेल, वरचं मॉडेल अशा २५०० चा पेलोड २,००० च्या आसपास असू शकतो, म्हणजे चांगल्या हाफ टनाएवढाच. तेव्हा तिथंही आधी दार. जुन्यात मला विचाराल तर साधा पेट्रोलवाला थ्री क्वार्टर टन, फोर्डचा ६.२ लिटर, जीएमचा (म्हणजे सिल्व्हराडोवाल्यांचा) ६.०, रॅमचा ६.४, ही इंजिनं पेट्रोल पितात पण भानगडी कमी. डिझेल आवडतच असेल तर २००३ ते २००७ चा फोर्डचा ६.० पॉवरस्ट्रोक नवशिक्यानं टाळावा, हेड गॅस्केट आणि ईजीआर कूलरसाठी तो बदनाम आहे, आणि २०११ नंतरच्या काही डिझेलमध्ये सीपी४ नावाचा हाय प्रेशर पंप आहे, तो गेला की धातूचा चुरा पूर्ण फ्युएल सिस्टीमभर पसरतो आणि बिल ऐकून खाली बसायची वेळ येते.

टो रेटिंगबद्दल एवढंच सांगतो की तेही अगदी टाकाऊ नाही. एसएई जे२८०७ नावाची एक चाचणी आहे, त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ ट्रेलर लावून, एसी फुल चालू ठेवून, ताशी चाळीस मैलांच्या खाली न येता चढावा लागतो. टोयोटानं ती २०११ मॉडेलपासून लावली, फोर्ड, जीएम आणि रॅमचे हाफ टन २०१५ च्या आसपास आले. त्याआधीचा ट्रक घेत असाल तर ब्रोशरवरचा आकडा त्या त्या कंपनीनं आपापल्या पद्धतीनं ठरवलेला आहे हे समजून थोडा हात राखून वागा.

पाचवी पायरी : इंजिन, गिअर आणि मागचा ॲक्सल

ॲक्सल रेशोकडे, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या प्रमाणाकडे कोणी बघत नाही आणि तिथंच हजारो पाउंडांचा फरक पडतो. ३.२१, ३.५५, ३.७३, ३.९२, ४.१० असे आकडे असतात, आकडा मोठा तेवढा ओढायला जोर जास्त आणि रिकाम्यात पेट्रोल जरा जास्त. रॅम १५०० ला ३.२१ आणि ३.९२ दोन्ही मिळतात आणि बाहेरून ओळखू येत नाहीत. फोर्डमध्ये दाराच्या लेबलवर ॲक्सलचा कोड असतो. जीएमच्या जुन्या ट्रकला ग्लोव्ह बॉक्समध्ये तीन-तीन अक्षरी कोडचा पांढरा कागद चिकटवलेला असतो, त्यात जीयू६ दिसलं तर ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३, जी८० म्हणजे लॉकिंग डिफरन्शियल, झेड८२ म्हणजे ट्रेलरचं पॅकेज, जेएल१ म्हणजे ट्रेलरचे ब्रेक चालवणारा आतला ब्रेक कंट्रोलर. मी हे कोड फोनमध्ये लिहून नेले होते आणि सेल्समनला वाटलं मी मेकॅनिक आहे, भाव एकदम पाचशेनं उतरला!

डोंगराळ भागात राहत असाल तर टर्बोचा विचार करा. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी उतरते, कोलोरॅडोत आय-७० वर आयझेनहॉवर टनेल ११,१५८ फुटांवर आहे, तिथं पोचेपर्यंत व्ही८ ची एक तृतीयांश ताकद हवेत गेलेली असते. फोर्डच्या इकोबूस्टसारखं टर्बो इंजिन ती कसर बरीचशी भरून काढतं.

कशात काय बिघडतं हे थोडक्यात. फोर्डचा ५.४ थ्री व्हॉल्व्ह, २००४ ते २००८ वाला, त्याचे स्पार्क प्लग काढताना आत तुटतात, आणि कॅम फेझर, म्हणजे व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारे भाग, खडखडतात. ३.५ इकोबूस्ट २०१७ ते २०२० मध्ये थंड इंजिन चालू करताना दोन-तीन सेकंद खर्रर्र आवाज आला तर फेझरच. जीएमच्या ५.३ मध्ये चार सिलिंडर आपोआप बंद करायची जी सोय आहे तिच्यामुळे लिफ्टर खराब होतात, टकटक आवाजाकडे कान द्या. त्यांच्याच आठ गिअरवाल्या ट्रान्समिशनमध्ये हलक्या ॲक्सिलरेटरवर रस्त्याच्या कडेच्या खरबरीत पट्टीवरून गेल्यासारखी थरथर येते. रॅमच्या हेमी इंजिनाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बोल्ट तुटतात, थंड असताना टिकटिक आणि गरम झाल्यावर गायब. जीएमचा २०२१ ते २०२४ चा ६.२ असेल तर २०२५ च्या एप्रिलमधल्या रिकॉलचं काम झालंय का विचारा, अमेरिकेत सुमारे ६ लाख गाड्या होत्या त्यात. टुंड्राचं ५.७ इंजिन दणकट, पण पेलोडचं स्टिकर बघून हिरमोड होतो आणि २००७-२००८ च्या गाड्यांच्या फ्रेमच्या गंजाचा विषय कोर्टापर्यंत गेला होता.

आणि टाकी किती गॅलनची ते विचारा हो, हे कोणी सांगत नाही. ट्रेलर लावल्यावर गॅलनला आठ-नऊ मैल हे नॉर्मल आहे. २६ गॅलनची टाकी असली की दर पावणेदोनशे मैलांना पंप शोधायचा, आणि पंपही असा हवा की पन्नास फुटी वरात आत वळेल आणि बाहेर पण निघेल. एफ-१५० ला ३६ ची टाकी मिळते, टुंड्राला ३८ ची. पोरं मागे झोपलेली असताना याची किंमत कळते.

सहावी पायरी : प्रत्यक्ष बघायला जाताना

विकणाऱ्याला फोन करून सांगा की इंजिन चालू करू नका, थंड हवंय. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर काहीतरी लपवतोय किंवा विसरलाय, दोन्ही बाबतीत दुसऱ्या दिवशी परत जा.

सोबत टॉर्च, जुनी चादर, एक छोटी हातोडी आणि पांढरा टिश्यू पेपर घ्या. चादर टाकून खाली शिरा. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क अशा मीठ टाकणाऱ्या राज्यांतला ट्रक असेल तर फ्रेमवर हातोडीनं हलकं टकटक करत जा, चांगल्या लोखंडाचा टण् आवाज येतो, सडलेल्याचा ठप्प, आणि ठप्प आला की पापुद्रे पण गळतात. मागच्या चाकांच्या वरचा फ्रेमचा भाग आणि स्प्रिंगचे हँगर नीट बघा. फ्रेमला ताजा काळा रंग मारलेला दिसला तर मला तरी आनंद होत नाही, कारण त्याखाली काय आहे ते दिसत नाही.

मग हिच बघा. माझ्या मते जुन्या ट्रकची सगळ्यात खरी माहिती तिथंच मिळते. मालक म्हणतो, कधी काही ओढलंच नाही, आणि रिसीव्हरच्या, म्हणजे हिच घालायच्या चौकोनी नळीच्या पिनचं भोक गोल राहिलेलं नसून अंड्यासारखं लांबट झालेलं, आतली भिंत घासून आरशासारखी चकचकीत. दुसरा ट्रक मी बघितला तेव्हा असंच होतं. मालक गृहस्थ चांगले होते, कॉफी दिली, म्हणाले फक्त बोट न्यायचो वर्षातून दोनदा. मी बेडमधला रबरी मॅट उचलला तर खाली मधोमध चार इंची भोक कापलेलं, गूजनेक हिचचं. म्हणजे घोड्यांचे नाहीतर गुरांचे भारी ट्रेलर ओढलेत यानं. मी काही बोललो नाही, कॉफी संपवली आणि निघालो. ओढलेला ट्रक वाईटच असतो असं नाही बरं का, नीट ऑइल बदललेला ओढणारा ट्रक चालतो, खोटं बोलणारा मालक चालत नाही.

रिसीव्हरवर पण स्टिकर असतं, त्यावर दोन आकडे, साध्या बॉलवर किती आणि वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावून किती. बऱ्याच हाफ टनांना साध्या बॉलवर ५,००० आणि दांड्यावर ५०० एवढीच परवानगी असते. ते वाचा. ट्रेलरची वायर लावायचं सात पिनांचं सॉकेट उघडा, आत हिरवी बुरशी धरली असेल तर साफ करता येते पण मागे वायरिंगमध्ये कोणी टेप गुंडाळून जुगाड केलाय का बघा. कंपनीचा ब्रेक कंट्रोलर डॅशवर असेल तर उत्तम, नसेल तर नंतर बसवता येतो, त्यासाठी सौदा मोडू नका. ट्रान्समिशनचं ऑइल गार ठेवणारा कूलर मात्र असायलाच हवा. नुसता चौकोनी रिसीव्हर मागे आहे म्हणजे टो पॅकेज आहे असं नाही, तो कोणीही बाहेरून बसवून घेतो, रेडिएटरपुढे वेगळा कूलर, सात पिन आणि टो-हॉल बटण (ओढताना गिअर धरून ठेवणारं) तिन्ही दिसले की मगच पॅकेज समजा.

ट्रान्समिशनची डिपस्टिक असेल तर टिश्यूवर एक थेंब टाका. लालसर असेल तर ठीक, तपकिरी आणि जळका वास आला तर समजा त्यानं चढ बघितलेत. हल्ली बऱ्याच ट्रकला डिपस्टिकच देत नाहीत, मग सर्व्हिसच्या पावत्या मागा.

टायरवर डीओटीपुढचे शेवटचे चार आकडे बघा, ३२१९ असेल तर २०१९ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांच्या टायरवर मी पोरांना बसवून ट्रेलर ओढणार नाही. आकड्यापुढे पी आहे का एलटी तेही बघा, पी म्हणजे कारसारखे मऊ टायर, बाजूच्या भिंती दबतात आणि ट्रेलर डोलल्यासारखा वाटतो.

सातवी पायरी : चालवून बघणं

वीस मिनिटं तरी, आणि त्यात हायवे हवा. चालू करताना रेडिओ बंद, खिडकी उघडी, कान इंजिनकडे. चाळीस-पन्नास मैलांच्या स्पीडला पाय हलकाच ठेवून थरथर येते का बघा. चढावर टो-हॉल दाबून गिअर धरून ठेवतो का, आणि उतारावर एकदा ब्रेक टॅप केल्यावर स्वतःहून गिअर खाली आणतो का. रिव्हर्समध्ये ठेवताना दणका बसला तर विचारा. फोर व्हील ड्राइव्ह एकदा टाकून काढून बघा, गंजलेला ॲक्च्युएटर तेव्हाच कळतो. मालक स्वतः ट्रेलर बाळगून असेल तर लावून दाखवा म्हणायला लाजू नका, चांगला मालक आनंदानं दाखवतो.

मोठे बाहेर येणारे आरसे असतील तर बोनस. नसले तर घ्यावे लागतील, आठ फुटी भिंतीच्या मागचं साध्या आरशात काही दिसत नाही.

आठवी पायरी : कागद

हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून पटकन सांगतो. व्हीआयएन म्हणजे गाडीचा ओळख नंबर एनएचटीएसए या सरकारी वाहन सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाकून न झालेले रिकॉल बघा, फुकट आहे. एनआयसीबी या विमा क्षेत्रातल्या संस्थेच्या व्हीआयएनचेकवर चोरी किंवा सॅल्व्हेजची, म्हणजे गाडी भंगारात काढल्याची नोंद बघा, तेही फुकट. डीलरकडे असाल तर खिडकीवर बायर्स गाइड नावाचा वॉरंटीचा कागद लावणं त्याला केंद्र सरकारच्या नियमानं सक्तीचं आहे, त्यावर ॲज इजवर (आहे तशी, वॉरंटी नाही) खूण असेल तर दारातून बाहेर पडल्यावर जे काही होईल ते तुमचं. आणि दुसऱ्या गॅरेजवाल्याला शे-दोनशे डॉलर देऊन लिफ्टवर तपासून घ्या, विकणारा याला नाही म्हणाला तर तुम्ही पण ट्रकला नाही म्हणा.

तुमच्या राज्याचे नियम एकदा वाचा. कॅलिफोर्नियात काहीही ओढत असाल तर कमाल वेग ताशी ५५ मैल, आणि १,५०० पाउंडांवरच्या ट्रेलरला ब्रेक लागतात, तर बऱ्याच राज्यांत ती हद्द ३,००० आहे.

घेतल्यानंतर

पहिल्या ट्रिपच्या आधी ट्रान्समिशनचं, मागच्या डिफरन्शियलचं ऑइल आणि ब्रेक फ्लुइड बदला, मालकानं कालच बदललं म्हटलं तरी. मग बजेट उरलं पाहिजे हे आलंच, मी एकूण पैशांतले दोन हजार डॉलर बाजूला ठेवूनच सौद्याला बसतो, टायर, ऑइल, ब्रेक पॅड, चांगला हिच यातच ते जातात.

आणि घरची सगळी मंडळी बसवून, पाणी-प्रोपेन भरून, ट्रिपला निघतो तसंच निघून कॅट स्केलवर जा. पंधरा-एक डॉलर लागतात. पुढची चाकं पहिल्या पट्ट्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर, आणि बटण दाबून काट्यावरच्या माणसाशी बोला. एकदा ट्रेलरसकट, मग पार्किंगमध्ये ट्रेलर सोडून एकदा नुसता ट्रक, दुसऱ्या वेळेला पैसे कमी घेतात. दुसऱ्या वेळी पण माणसं आणि सामान गाडीतच असू द्या नाहीतर हिशोब चुकतो. दोन्ही वजनांमध्ये ट्रेलरसकटच्या एकूण वजनातून नुसत्या ट्रकचं वजा केलं की ट्रेलरचं खरं वजन मिळतं, आणि पुढचा ॲक्सल ट्रेलर लावल्यावर किती हलका झाला तेही दिसतं, फार हलका झाला असेल तर हिचचे बार एक कडी घट्ट करायचे आणि परत मोजायचं.

मी आता जो ट्रक चालवतो त्याच्या दारावर १,८६३ लिहिलंय. कापडी सीट, पांढरा रंग, आधी कुठल्यातरी कॉन्ट्रॅक्टरचा होता आणि मागच्या सीटखाली अजून स्क्रू सापडतात. बायको म्हणते दिसायला अगदी सरकारी गाडी. शेवटच्या चिठ्ठीत मागच्या ॲक्सलला २१० पाउंड शिल्लक होते, म्हणून यंदा कुत्रा पण आला.